आनंदीबाईंची पाटी डाऊनटाऊनमध्ये नको! मंडळाच्या कमिटीला आणि सगळ्या मेंबरांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

परवाच्या झूम मीटिंगमध्ये मी बोलायचं म्हणून अनम्यूट केलं, तेवढ्यात कोणाच्या तरी घरचा मिक्सर सुरू झाला आणि मग काकांनी "वेळ संपली, बाकीचं ग्रुपवर" म्हणून मीटिंग बंदच केली. ग्रुपवर लिहिलं तर गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरीत ते वाहून जाणार. म्हणून हे पत्र, सगळ्यांसाठी, मोठं झालंय, माफ करा, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगते, कल्पना मला प्रचंड आवडलीय. फिलाडेल्फियात डॉ. आनंदीबाई जोशींच्या नावाची ती निळी पाटी लागावी, राज्य सरकारची, पिवळ्या अक्षरांची, वर राज्याचं चिन्ह असलेली, खांबावरची. मी स्वतः कल्याणची आहे, शाळेत असताना आनंदीबाईंवर भाषण पाठ करून बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळवलेली मुलगी आहे, त्यामुळे मी नाही म्हणायचा प्रश्नच येत नाही. माझं भांडण दोनच गोष्टींवर आहे, पाटी कुठे लावायची आणि पाटीवर काय लिहायचं.

कुठे, हे आधी. मीटिंगमध्ये बहुतेकांचं म्हणणं पडलं की डाऊनटाऊनमध्ये लावूया, इंडिपेन्डन्स हॉलच्या आसपास कुठल्यातरी कॉर्नरला, म्हणजे टुरिस्ट बघतील, भारतातून आईवडील आले की लिबर्टी बेल दाखवायला नेतोच तेव्हा तिथेच फोटो होईल, पार्किंग पण आहे. सगळं खरं आहे. पण मला डाऊनटाऊनमधल्याच एका पाटीबद्दल सांगायचंय, म्हणजे मी का अडून बसलेय ते कळेल.

माझं ऑफिस सिक्स्थ स्ट्रीटपासून जवळ आहे. रेस स्ट्रीटच्या अलीकडे फूटपाथवर अशीच एक निळी पाटी आहे, पेनसिल्व्हेनिया हॉलची. तिच्या समोरून मी किती वर्षं डबा घेऊन फ्रँकलिन स्क्वेअरला जात होते, कधी मान वर करून वाचलं नाही. मग एका नोव्हेंबरात ऑफिसचा फायर अलार्म वाजला, कोणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळले होते, आम्हाला सगळ्यांना खाली काढलं, जॅकेट खुर्चीवरच राहिलेलं, काखेत हात घालून पाऊण तास उभी, मोबाईलही वर. तेव्हा वेळ जावा म्हणून जरा चालत गेले आणि पाटी वाचली. आणि ती निघाली जळलेल्या इमारतीची! म्हणजे योगायोग बघा.

तर तिथे १८३८ साली गुलामगिरीच्या विरोधातल्या लोकांनी एक मोठं सभागृह बांधलं होतं, कारण गावात कोणी त्यांना सभेसाठी हॉलच देईना. २० डॉलरचा एक शेअर असे २००० शेअर काढून ४०,००० डॉलर उभे केले (आपल्या मंडळाला वास्तूसाठी वर्गणी गोळा करताना काय होतं ते आठवा आणि मग या आकड्याकडे बघा). १४ मे १८३८ ला उद्घाटन. १६ तारखेला रात्री अँजेलिना ग्रिम्के नावाची बाई भाषणाला उभी राहिली, दोनच दिवसांपूर्वी तिचं लग्न झालेलं, समोर बायका आणि पुरुष एकत्र बसलेले, काळे-गोरे एकत्र बसलेले, आणि बाहेरून जमाव खिडक्यांवर दगड मारतोय, काचा फुटतायत, आणि ही तासाभराच्या वर बोलतेय. सभा संपल्यावर काळ्या आणि गोऱ्या बायका हातात हात घालून त्या जमावातून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी महापौरांनी हॉलच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या, कुलूप लावलं, जमावाला चार शब्द सांगितले आणि घरी गेले. त्या रात्री हॉल जाळला. बंब आले होते, पण पाणी मारलं ते शेजारच्या इमारतींवर.

चार दिवसांची इमारत. आज तिथे त्यातलं काहीही नाही, वीटही नाही. फक्त ती पाटी. आणि मी थंडीत कुडकुडत तिथे उभी होते तेव्हा मला काय जाणवलं माहितेय, की ही पाटी दोन ब्लॉक पलीकडे असती ना तर माझ्यावर काही परिणाम झाला नसता. पाटी म्हणते "इथे". त्या "इथे"मुळे मी खाली बघितलं, माझे बूट जिथे होते तिथून त्या बायका चालत बाहेर पडल्या असतील. नाहीतर मग ती माहितीच आहे, माहिती मोबाईलवर कितीही मिळते.

आता पुढचं ऐका, हे मला नंतर घरी वाचताना कळलं. त्याच पाटीपासून दोन-तीन मिनिटं चालत गेलात, आर्च स्ट्रीटला, सिक्स्थ आणि सेव्हन्थच्या मधे, तर तिथे मागच्या बाजूच्या एका इमारतीत १८५० साली फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया सुरू झालं. हेच आनंदीबाईंचं कॉलेज! म्हणजे जिथे बाई व्यासपीठावर बोलली म्हणून हॉल जाळला, तिथून हाकेच्या अंतरावर बारा वर्षांनी बायकांना डॉक्टर करायचं कॉलेज निघालं. पहिली बॅच ८ जणींची, पदवीदान १८५१ च्या अगदी शेवटी, आणि पुरुष विद्यार्थी येऊन गोंधळ घालतील या भीतीने पोलीस ठेवावे लागले होते. पुढे १८६९ मध्ये याच कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये क्लिनिकला गेल्या तर मुलांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे मारले, अंगावर तंबाखूच्या पिंका टाकल्या.

मग तुम्ही म्हणाल की हे तर आमच्याच बाजूचं झालं, कॉलेज आर्च स्ट्रीटला होतं ना, लावा की तिथेच पाटी. तर नाही. आनंदीबाई इथे आली १८८३ साली. (मी तिला ती म्हणतेय, एकविसाव्या वर्षी गेलेल्या मुलीला त्या म्हणायला माझी जीभ वळत नाही, माझी मुलगी आता त्याच वयाची आहे.) तोपर्यंत कॉलेजचं नाव विमेन्स मेडिकल कॉलेज झालेलं आणि १८७० च्या दशकातच ते स्वतःच्या नव्या इमारतीत गेलेलं, नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू आणि ट्वेंटीफर्स्ट स्ट्रीटला. म्हणजे उत्तरेला, जिथे आपल्यापैकी बरेच जण, खरं बोलूया, गाडीच्या काचा वर करून जातात. ती शिकली तिथे. बोचऱ्या थंडीत साडी नेसून ये-जा केली ती तिथे. डाऊनटाऊनमध्ये तिचं काय होतं?

मीटिंगमध्ये एक जण म्हणाले "तो एरिया कसा आहे माहितेय ना". दादा, माहितेय. आणि तो एरिया कसा आहे याचा इतिहास पण जरा बघूया. नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूच्या एका बाजूला गिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत आहे. स्टीफन गिरार्ड नावाच्या श्रीमंत माणसाने मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं की ही शाळा गरीब, गोऱ्या, अनाथ मुलग्यांसाठी. १८४८ ला सुरू झाली ती त्याच अटीवर. म्हणजे आपली आनंदी जिथे शिकत होती त्याच्या समोर जी शाळा होती तिच्या फाटकातून ती दोन कारणांनी आत जाऊ शकली नसती. आणि यातली फक्त गोऱ्यांची अट निघाली कधी, तर १९६८ ला! त्याआधी १९६५ मध्ये आसपासच्या काळ्या लोकांनी सेसिल बी. मूर या वकिलाच्या पुढाकाराने त्या भिंतीभोवती सात महिने आणि वर काही दिवस रोज निदर्शनं केली, मार्टिन ल्युथर किंग पण तिथे येऊन बोलले. ज्यांचे आजी-आजोबा त्या भिंतीभोवती गोल फिरले ती माणसं आज तिथे राहतात. त्यांना कुठलं दार का बंद होतं आणि कोणी कसं उघडलं हे आपण समजावून सांगायची गरज नाहीये. उलट मला वाटतं आनंदीबाईची पाटी पटकन समजेल ती त्यांनाच.

म्हणून माझी पहिली विनंती, पाटी नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर. आणि अर्ज करायच्या आधी तिथल्या चार लोकांशी बोलायचं, चर्च असेल, कोपऱ्यावरचं दुकान असेल, ब्लॉकवरची कोणी जुनी बाई असेल. उद्या पाटीसमोर बर्फ साचला तर आपण कोणी उपनगरातून, एक्स्टनहून फावडं घेऊन येणार नाही आहोत.

आता दुसरं भांडण, मजकूर. ग्रुपवर जो ड्राफ्ट फिरतोय त्यात पहिल्याच ओळीत "भारताची पहिली महिला डॉक्टर" आणि खाली "महान पतीच्या प्रेरणेने". मंडळी, या पाट्यांसाठी राज्याच्या हिस्टॉरिकल अँड म्युझियम कमिशनकडे अर्ज जातो, तिथे कागद मागतात, पुरावे मागतात. अर्ज कोणीही करू शकतं, हे चांगलं आहे, पण आपण फुगवून लिहिलं तर तिथेच पकडले जाऊ. १८८६ मध्येच कलकत्त्याला कादंबिनी गांगुलीनेही डॉक्टरकीचं शिक्षण पूर्ण केलं आणि तिने पुढे अनेक वर्षं प्रॅक्टिस केली. आपलं मराठी नाक उंच व्हावं म्हणून तिला पुसायचं का? आणि आनंदीबाईला ते "पहिली"चं शेपूट लावायची गरज तरी काय आहे, ११ मार्च १८८६ ला विसाव्या वर्षी तिने इथे एम.डी. घेतली, ते काय कमी आहे!

"ब्राह्मण" शब्दाचं पण बोलते, कारण एका काकांनी तो सुचवला. न्यूयॉर्क राज्यात पुकीप्सीला ग्रामीण स्मशानभूमीत तिच्या अस्थी आहेत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आणि तिथल्या दगडावर ती शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असं कोरलंय. आम्ही गेलो होतो एकदा, गाडीने तीनेक तास, मुलांची कुरकुर, रस्ता चुकलो वगैरे. तो दगड थिओडिशिया कार्पेंटरच्या घरच्यांनी प्रेमाने लावला, त्या काळच्या नजरेने लावला, ते मी समजू शकते. न्यूजर्सीत राहणारी ही बाई, दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना तिने मिशनरी मासिकात आनंदीबाईच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र छापलेलं वाचलं आणि तिथून सगळं सुरू झालं, जिची ओळख नाही देश नाही धर्म नाही अशा मुलीला तिने घरी ठेवून घेतलं. तिचा दगड तिचा. आपण आज आपल्या खर्चाने नवीन पाटी लावताना पुन्हा जात लिहिणार असू तर माझी वर्गणी मिळणार नाही, हे लेखी देते.

गोपाळरावांचं. हो, नवव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला शिकवायचा हट्ट त्यांनीच धरला, त्यांच्याशिवाय ती इथे आली नसती, मान्य. पण त्यांनी तिला मारझोड केली हेही तिने स्वतः पत्रात त्यांनाच लिहिलंय. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही चार ओळींत मावणार नाही, मग त्यांना पाटीवर आणूच नका. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला, नीट वैद्यकीय मदत मिळाली नाही. डॉक्टर व्हायचं ठरलं त्यामागे ते दहा दिवस आहेत. तिने कॉलेजला जो प्रबंध लिहिला तो पण बाळंतपणावरच, आर्य हिंदू लोकांमधलं प्रसूतिशास्त्र. एवढं एक सूत्र धरलं तरी मजकूर उभा राहतो.

आणि मला त्या मजकुरात अजून दोन नावं हवीयत. तो फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केलेला असेल, १० ऑक्टोबर १८८५ चा, तिघी जणी ओळीत. पण फॉरवर्ड करताना बहुतेक वेळा तो कापलेला असतो, फक्त आपली साडीवाली ठेवून. पूर्ण बघा एकदा. डावीकडे आनंदीबाई, मध्ये जपानची केई ओकामी किमोनोत, उजवीकडे सीरियाची सबात इस्लामबूली तिच्या पोशाखात कपाळावर दागिने घालून. तिघींचे चेहरे असे, की हसायचं नाही असं सांगितलंय आणि त्या ते पाळतायत. ओकामी १८८९ ला पास झाली, इस्लामबूली १८९० ला. त्याच्या जवळपास अमेरिकेतल्या मूळनिवासी ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश पण याच कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. आणि आपली गुरुबाई करमरकर, १८९२ ची, जिचं नाव आपल्या मंडळात कोणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, ती मुंबईला जाऊन खूप वर्षं डॉक्टर म्हणून काम करत राहिली. आनंदीबाईला तेवढा वेळ मिळाला नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजचं सीपीआर, बायकांच्या वॉर्डची नेमणूक झाली होती, पण ती घरी पोचली तीच क्षयाने खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली.

पंडिता रमाबाई तिच्या पदवीदानाला इंग्लंडहून आल्या होत्या आणि पुढे त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दलचं पुस्तक इथेच फिलाडेल्फियात छापलं गेलं, कॉलेजच्या डीन रेचल बॉडलींच्या प्रस्तावनेसह. त्यांची वेगळी पाटी व्हायला हवी, ते पुढच्या वर्षीचं भांडण.

तर मी एक मजकूर करून पाठवते, इंग्रजी नंतर कोणीतरी नीट करा, मराठीत अर्थ असा:

आनंदीबाई जोशी, १८६५ ते १८८७. बाळंतपणात बाळं मरू नयेत म्हणून डॉक्टर व्हायला अठराव्या वर्षी भारतातून एकटी आली. या जागी असलेल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये शिकून १८८६ मध्ये एम.डी. झाली. तिच्यासोबत जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली इथे शिकत होत्या. भारतात परतल्यावर काही महिन्यांत एकविसाव्या वर्षी मृत्यू.

"एकटी" शब्दावर कोणी हरकत घेईल की बोटीवर मिशनरी बायका होत्या सोबत. बरोबर आहे, मग "नवऱ्याशिवाय" लिहा, मला चालेल, कदाचित तेच जास्त बरोबर आहे.

"मराठी" शब्द कुठेच नाही म्हणून नाराज होऊ नका. पाटीच्या उद्घाटनाला आपण येणारच आहोत ना नऊवारी नेसून, लोकांना कळेल.

पैशांचं काकांनी विचारलं होतं. पाटी करायच्या खर्चातला बराच भाग अर्ज करणाऱ्यांनी उभा करायचा असतो, असं धरून चालूया. यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात तो दुसरा ऑर्केस्ट्रा नाही आणला तरी बरंच काही सुटेल, पहिला ऑर्केस्ट्रा संपेपर्यंत तसेही अर्धे लोक जेवणाच्या रांगेत असतात. हे मी सांस्कृतिक समितीतल्या मैत्रिणींना मनापासून सॉरी म्हणून लिहितेय. कागदपत्रांसाठी ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीकडे जावं लागेल, जुन्या कॉलेजचे रेकॉर्ड आता त्यांच्या संग्रहात आहेत. ते काम मी घेते. कोणाला जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचता येत असेल तर सोबत या, मला कॉलेजात माझंच अक्षर वाचता यायचं नाही.

शेवटचं. येत्या रविवारी सकाळी १० वाजता मी नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू आणि ट्वेंटीफर्स्टला जाऊन उभी राहणार आहे. ज्यांचं मत अजून डाऊनटाऊनच आहे त्यांनी तर नक्कीच या, आधी जागा बघा, गिरार्डच्या भिंतीच्या कडेने एक फेरी मारू, कोणी भेटलं तर बोलू. पार्किंग रस्त्यावर मिळतं. थर्मासभर चहा आणि शंकरपाळे माझ्याकडे, कप आपापले आणा, मागच्या पिकनिकचे माझे चार कप अजून परत आलेले नाहीत.

तुमच्यातलीच,
कल्याणची एक मेंबर